ब्रेकबाईंना हवी होती पळणारी गाडी

आमच्या आत्यानं उभी हयात ब्रेक दाबण्यात घालवली. हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. मोटार शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला असतो. एक्सलरेटर मात्र नसतो. ही सोय ज्यानं केली त्याला शिक्षकांची चांगली पारख असावी. थांबवण्याचा अधिकार द्यायचा, पळवण्याचा नाही! आत्या त्या सीटवर पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. निवृत्त होऊन उतरली तेव्हा पांढरेशुभ्र. त्यातले निम्मे वयानं पिकले होते आणि निम्मे विद्यार्थ्यांनी पिकवले होते.

विद्यार्थी तिला पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, कारण नावं ठेवण्यात ती त्यांच्यापेक्षा वरचढ होती. शिकताना जो ज्याला धडकला, ते त्याचं कायमचं नाव. आमच्याकडचे नामांकित दंतवैद्य तिच्या लेखी 'कुंडी' आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिका 'पत्रपेटी'. एकदा दंतवैद्यांच्या खुर्चीत आ वासून पडलेली असताना यंत्राचा आवाज चढला, तशी ती तोंडातल्या कापसासकट ओरडली, "कुंडी, रेस कमी कर!" आणि एवढा मोठा डॉक्टर, त्याचा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला. मी 'कुंपण'. सख्खा भाचा म्हणून काही सवलत मिळेल अशी आशा होती, पण ते कुंपण तिच्याच घराचं निघालं.

अशी बाई हाताशी असताना जुनी गाडी घ्यायला कोण एकटा जाईल? सुटीच्या दिवशी सकाळी तिच्या दारात कोणीतरी उभं असायचंच. मग ती तिची कापडी पिशवी काढायची. पिशवीत टॉर्च, हातात मावणारा आरसा आणि गुडघ्याखाली घ्यायला एक छोटी उशी. पिशवी उचलायला मी.

तिची गाडी बघायची रीत ठरलेली होती. जाताना मालकाला कळवायचं, "येतोय, पण गाडी सुरू करून ठेवू नका." पोचल्यावर नमस्कार-चमत्कार करायच्या आधी बॉनेटवर तळहात. बॉनेट कोमट लागलं की संपलं. "थंड इंजिन आमच्यासमोर सुरू करायला हा घाबरला," ती म्हणायची, "म्हणजे सुरू होताना ते खोकतं, खडखडतं, नाहीतर धूर ओकतं. चला घरी." मालक मागून "अहो, चहा तरी..." म्हणत राहायचा.

बॉनेट थंड लागलं तर उशीवर गुडघे टेकून टायर. चारही एकाच जातीचे आहेत का, आणि पुढचे आतल्या कडेनं जास्त झिजलेत का. मग गाडीच्या शेपटाशी उभं राहून, एक डोळा मिटून, अंगावरून तिरकी नजर. रंगाची लाट कुठं मोडते, दरवाजाची फट कुठं रुंदावते, ते तिला असं दिसायचं जसं आपल्याला पाहुण्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण दिसतं. बॉनेटच्या आतल्या बोल्टांवरचा रंग उडाला असला म्हणजे कोणीतरी ते उघडलेत, आणि बॉनेट काय कोणी हौसेनं काढून ठेवत नाही; गाडी कुठंतरी धडकलेली असणार.

हे सगळं झाल्यावर शेवटचं आणि खरं. मालकाला गाडी चालवायला सांगायची आणि आपण शेजारी बसायचं. "गाडी मुकी असते," ती म्हणे. "तिला कसं वागवलंय ते मालकाच्या पायांना विचारावं." पण खरी गंमत आत्याच्या स्वतःच्या पायांची होती. दुसऱ्याच्या शेजारी बसली की समोर पेडल असो वा नसो, तिचा उजवा पाय धोका दिसताच दणकन खाली जायचा. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, नेहमी मागच्या सीटवरून तो पाय बघत असायचे. त्यांचं चष्म्यांचं दुकान, स्वतः गाडी चालवत नाहीत. लग्नानंतर आत्यानं त्यांना शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी दोघांनी शांतपणे ठरवलं की एक तर गाडी राहील नाहीतर संसार. आतोबांचं म्हणणं असं, की आत्या तोंडानं काहीही बोलो, तिचा खरा निकाल पायात असतो. पाय फार आपटला की मालक धसमुसळा, आणि गाडी धसमुसळ्याची.

तिचा सर्वांत मोठा राग एकाच जातीवर होता. दिसायला बाजारहाटाची छोटीशी गाडी, पाच दारं, मागं डिकी, आणि पोटात मात्र शर्यतीचं इंजिन. आमच्या घरात अशा गाडीला 'फटाकडी' म्हणतात. अशी गाडी जो घेतो तो ती पळवायलाच घेतो, आणि पळवून पळवून पिळून झाली की विकायला काढतो. "हिचं धुणं झालंय," आत्या निकाल द्यायची. "पिळून वाळत घातलंय. तू आता इस्त्री करायला घेतोयस."

म्हणूनच निवृत्तीनंतर एका दुपारी चहा पिताना ती जे बोलली, त्यानं आतोबांचा कप बशीवर न टेकता हवेतच राहिला.

"मला एक फटाकडी घ्यायचीय."

"कोणासाठी?" आतोबांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"अगं, तू? तूच तर सगळ्यांना—"

"अहो, सगळ्यांना नको म्हणाले, कारण त्या गाड्या वाईट होत्या. गाडीची जात वाईट आहे असं कधी म्हणाले?" ती म्हणाली. मग कपात बघत, "इतकी वर्षं गाडीत बसले. एकदाही माझ्या पायानं गाडी पळाली नाही. ते गिअर, तो क्लच, सगळं आणखी काही वर्षंच जमणार. मग हे गुडघे म्हणतील, आता आपोआप चालणारी घे, आणि मी घेईन. त्याच्या आधी एक पळणारी हवी. बास."

आत्या असं हळू आवाजात कधी बोलत नाही. आतोबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग बघायला लागू या."

बघायला लागलो, आणि आत्याच्या कडकपणाचा फटका आत्यालाच बसायला लागला. एकाची गाडी 'वयस्कर डॉक्टरांनी वापरलेली' होती; ड्रायव्हरच्या सीटची कड अशी फाटलेली की डॉक्टर रोज खिडकीतून उडी मारून आत बसत असावेत. दुसरीचा दुसरा गिअर टाकताना असा करकरला की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. तिसऱ्यानं मूळ सायलेन्सर काढून त्याजागी तोफ बसवली होती आणि इंजिनच्या कंप्युटरलाही काहीतरी पढवलं होतं. आत्यानं विचारलं, "मूळचे भाग कुठायत?" तो म्हणाला, "विकले." आत्या म्हणाली, "मग ही कोणाची गाडी विकतोयस?" चौथी बरी निघते आहे असं वाटेपर्यंत आत्यानं उतारावर तिच्या मालकाला पाय उचलायला सांगितला, पुन्हा दाबायला सांगितला, आणि आरशात निळ्या धुराचा ढग बघून पिशवी बंद केली. ऑइल जळत होतं.

पूर्वी नापास करताना तिच्या चेहऱ्यावर तेज यायचं. आता प्रत्येक 'नापास'बरोबर तिचंच काहीतरी कमी होत होतं.

आणि मग मला निळी सापडली. हव्या त्या जातीची, हव्या त्या वर्षाची, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगचे सगळे कागद जागेवर. मी धावत आत्याकडे गेलो. तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला, आतोबांचा चष्मा लावून बघितला.

"मालक कोण?"

"तो कोपऱ्यावरचा केकवाला."

आत्यानं फोटो खाली ठेवला. "खांब?"

खांब म्हणजे आत्याच्या कारकिर्दीतला काळा दिवस. हा गृहस्थ शिकताना एकाच खांबाला दोनदा धडकला होता. दुसऱ्यांदा धडकला तेव्हा म्हणाला, "बाई, आज हा पुढे आलाय." ब्रेक असा दाबायचा की आत्याचा अंबाडा पुढे यायचा. त्यानं परवाना मिळवला तेव्हा आत्यानं भर कचेरीत सांगितलं होतं, "तुला परवाना मिळाला, गाडी चालवता येत नाही. दोन्हींत गल्लत करू नकोस."

"त्याच्या हातातली गाडी?" आत्या म्हणाली. "मी बघणारसुद्धा नाही. तिनं काय काय सोसलं असेल!"

"बघू नकोस," आतोबा म्हणाले. "पण नापास करायला तरी चल. बऱ्याच दिवसांत तुला आनंद झालेला नाही."

केकच्या दुकानामागच्या अंगणात निळी उभी होती आणि तिच्या शेजारी एक नवी कोरी, ओबडधोबड व्हॅन. दोघींमुळे अंगणात माणसाला जागा उरली नव्हती. केकवाला आता चांगला आडवा-उभा झाला होता, कोपरापर्यंत पीठ, डोक्याला कापडी टोपी. आत्याला बघताच त्यानं टोपी काढली आणि दोन्ही हात मागं लपवले.

"बाई! तुम्ही? तुम्हाला हवीय?"

"बघायला आलेय," आत्या म्हणाली, आणि बॉनेटवर हात ठेवला. थंड.

केकवाल्यानं सांगितलं ते असं. दुकान काढायच्या आधी, अंगात मस्ती होती तेव्हा त्यानं ही गाडी हौसेनं घेतली. पळवणार होता. तेवढ्यात दुकान सुरू झालं, केक पोचवायला दुसरी गाडी नव्हती, मग हीच. आता धंदा वाढला, व्हॅन आली, आणि जागा एकीलाच आहे. महिनाअखेर निळी जायला हवी.

आत्या कामाला लागली. टॉर्च, आरसा, उशी. मी उशी टाकत होतो, ती गुडघे टेकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू कोड्यात पडत चालला होता. अंगावर ओरखडा नाही. बोल्टांवरचा रंग जसाच्या तसा. सीटची कड नवी. आणि टायर! त्यांची नक्षी खोल, जवळपास न झिजलेली, पण बाजूला रबराला बारीक भेगा पडलेल्या.

"हे झिजले नाहीत रे," ती मला म्हणाली. "नुसतेच म्हातारे झालेत."

मग तिनं दरवाजा उघडून आत नाक घातलं. जळक्या क्लचचा वास, ओल, सिगारेट, ती आधी वासानंच अर्धी गाडी ओळखते. बाहेर आली ती बुचकळ्यात पडून. "व्हॅनिला," ती म्हणाली.

डिकी उघडली तर कोडं आणखी वाढलं. तिथं एक फळी स्क्रूनं बसवलेली, फळीवर न घसरणारं रबर, आणि कडेला गवंड्याकडे असते तशी पाणसळ, काचेतला बुडबुडा मधोमध.

"हे काय?"

"बुडबुडा, बाई. केक ठेवायच्या आधी तो मधोमध आहे ना ते बघतो, म्हणजे फळी सपाट. चार मजली केक नेतो ना मी."

"चालव," आत्या म्हणाली.

आम्ही बसलो. तो चालवायला, आत्या शेजारी, आतोबा आणि मी मागं. थंड इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, खडखड नाही, खोकला नाही. गाडी अंगणातून निघाली, वळणं घेतली, चौकातून गेली, उतरणीवरून गेली. आतोबांनी मला कोपर मारलं आणि डोळ्यांनी खाली दाखवलं. आत्याचा पाय. पाय हलत नव्हता! समोर सायकल आडवी आली, केकवाला आधीच मंदावला होता. रिकामा ट्रक मध्येच थांबला, केकवाल्याला ते ट्रकवाल्याच्या आधी कळलं होतं. आत्याचा उजवा पाय चटईवर असा निवांत पडला होता जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं गाडी चालवतो आहे. माझ्या वेळी तो पाय तबला वाजवतो.

"खांब," आत्या शेवटी म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं?"

"केकनं, बाई," तो नम्रपणे म्हणाला. "तुम्ही ओरडायचात ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देता यायचं. केक मोडला की दुसरा करावा लागतो."

आता पाळी आत्याची. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे घेतली, आरसा फिरवला. मला तिचा चेहरा आरशात दिसत होता आणि मी तो आधी कधी पाहिला नव्हता. बाह्यवळणाचा सरळ, मोकळा रस्ता आला तशी तिनं दुसऱ्या गिअरमध्ये पाय खाली नेला. पूर्ण.

निळीला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं की तुला काय येतं. तिनं आधी मागून काजळीचा एक काळा ढग सोडला, जन्मभर हळू चालून इंजिनच्या घशात साठलेला, आणि मग ती सुटली. आतोबांचा चष्मा कपाळावर गेला. माझ्या मांडीवरची पिशवी माझ्या छातीवर आली. आत्या हसत होती, मोठ्यानं, तोंड उघडून. आणि शेजारच्या सीटवर केकवाल्याचा उजवा पाय चटईवर दाणदाण आपटत होता.

"बाई! ब्रेक! बाई, ब्रेक!"

"गप्प बस, खांब!"

पुढच्या चढावर तिनं चौथ्या गिअरमध्ये जोर दिला, आणि इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग चढला नाही. आत्यानं पाय उचलला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिच्या चेहऱ्यावर जुनं तेज परत आलं.

"क्लच प्लेट घसरतेय! क्लचवर पाय ठेवून चालवतोस अजून! हजार वेळा सांगितलं होतं, पाय काढ, पाय काढ!"

"हळूच उचलायला बरं पडतं, बाई. धक्का बसत नाही."

"केकला बसत नाही. क्लचचं काय?"

अंगणात परत आल्यावर ती एकदम सौदा करायच्या थाटात उभी राहिली. क्लच प्लेट नवी, चार टायर नवे, ऑइल बदलून, मग गाडी माझी. केकवाला सगळ्याला 'हो' म्हणत गेला. आम्हाला वाटलं झालं. तर तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "सगळं करून देतो, बाई. पण तुम्हाला नाही देणार."

"काय?"

"तुम्ही मारून टाकाल हिला."

आतोबा व्हॅनचं चाक निरखून बघायला लागले.

"इतकी वर्षं मी हिला जपलंय," केकवाला म्हणाला. घाबरलेला होता, पण मागं हटत नव्हता. "माझं दुकान हिनं उभं केलं. पळवायला ना नाही, ती पळवायचीच गाडी आहे, मला मेल्याला जमलं नाही. पण परत येताना चौकात तुम्ही जो ब्रेक मारलात ना... माझ्याकडे डिलिव्हरीला जो येतो, त्याला मी आधी एक केक देतो. साधा, गोल, वर क्रीम. गावाला एक चक्कर मारून आणायचा. क्रीम झाकणाला लागली नाही, तर कामावर. तुम्ही आणून दाखवा, बाई. त्या दिवशी किल्ली तुमची."

मी आत्याकडे बघितलं. तिनं या माणसाला भर कचेरीत बोल लावले होते. आता ती व्हॅनला लाथ मारेल, नाहीतर मला.

"आण केक," आत्या म्हणाली.

पहिला केक पहिल्याच चौकात गेला. समोर काही नव्हतं, कोणी आडवं आलं नव्हतं. लांबवर दिवा पिवळा झाला, आणि जन्मभराची सवय लागलेला तो उजवा पाय दणकन खाली गेला. मागं 'थप्प' असा आवाज झाला. आतोबांनी डिकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "झाकणाला क्रीम आहे. केकला नाही."

दुसरा केक गतिरोधकावर गेला. तिसरा रस्त्यात आलेल्या मांजरामुळे, आणि मांजर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला बसलं होतं. मधल्या दिवसांत क्लच प्लेट बदलली गेली, नवे टायर आले, निळी सगळ्या बाजूंनी तयार झाली. तयार नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. आम्ही मोडके केक घरोघर वाटत होतो. दंतवैद्य खूश होते.

त्यात एक तरुण येऊन गेला. गॉगल डोक्यावर, बूट गाडीपेक्षा महाग. त्यानं टायर बघितले नाहीत, बॉनेट उघडलं नाही, पहिला प्रश्न, "किती पळते?" केकवाल्यानं त्याला टाळलं, पण तो जाताना म्हणाला की शेवटच्या तारखेला पैसे घेऊन येतो. त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. आतोबा मला फोनवर म्हणाले, "चिडली असती तर बरं होतं रे. ती नुसती बसून आपल्या पायाकडे बघतेय."

शेवटच्या तारखेच्या सकाळी आम्ही परत अंगणात. या वेळी केकवाला स्वतः शेजारी बसला. चौक जवळ आला तसा तो हळूच म्हणाला, "बाई, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही ब्रेक दाबताय ते दुसऱ्याच्या चुकीसाठी. मी खांबावर चाललेलो असायचो, म्हणून तुम्ही दाबायचात. आमच्यासारखे शेकडो. पण इथं कोणी चुकत नाहीये. चालवणाऱ्या तुम्हीच आहात, आणि तुम्हाला येतं."

आत्यानं स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली.

"तो दिवा बघा, लांबचा. आत्ता लाल आहे, तिथं पोचेपर्यंत हिरवा होईल. आत्ताच पाय उचला. नुसता उचला, कुठं ठेवू नका."

तिनं पाय उचलला. तो पाय सवयीनं ब्रेककडे निघाला, मध्येच थांबला. गाडी आपली आपण मंदावत गेली, दिव्यापाशी पोचली, दिवा हिरवा झाला आणि ती न थांबताच पुढे सरकली. मागं काहीही वाजलं नाही. आतोबांनी माझा हात घट्ट धरला होता. चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या त्या नाजूक बोटांनी, आणि रक्त थांबेल इतका.

मग गतिरोधक. मग उतार. मग बाजाराची गल्ली, जिथं हातगाड्या, माणसं आणि दोन भांडणारे व्हॅनवाले एकदम समोर आले. आत्यानं फक्त एकदा ब्रेकला पाय लावला, तोही असा, जसा आपण झोपलेल्या बाळाच्या खोलीच्या दाराला हात लावतो. बाह्यवळणाच्या मोकळ्या रस्त्यावर तर तिनं निळीला चक्क पळवलं, चांगली जोरात, पण वेग असा चढत गेला की बसलेल्याला कळू नये. केकवाल्याचा पाय चटईवर निवांत होता. मी मुद्दाम बघितलं.

अंगणात केकवाल्यानं डिकी उघडली. झाकण उचललं. आम्ही सगळे एकमेकांची डोकी एकमेकांना आपटत वाकलो. केक उभा होता. वरचं एक क्रीमचं फूल अंमळ कलंडलं होतं, झाकणापासून बोटभर लांब. झाकण स्वच्छ. केकवाल्यानं ते फूल बराच वेळ बघितलं, जसे परीक्षक बघतात.

"पास," तो म्हणाला. "काठावर."

"काठावर?" आत्या कडाडली. "अरे खांबा, ते फूल तूच वाकडं बसवलं होतंस!"

"असेल, बाई," तो हसला आणि खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. कागदांवर सह्या झाल्या, पैसे दिले-घेतले गेले. मग त्यानं निळीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि पटकन आत दुकानात गेला, ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय म्हणून. काही जळत नव्हतं, मला वास आला असता.

आम्ही मागची दारं उघडायला गेलो. आत्यानं काच खाली केली.

"तुम्ही दोघं चालत या," ती म्हणाली.

"अगं, पण घर—"

"मी घरी चाललेली नाही."

काच वर गेली. निळी अंगणातून अगदी अलगद बाहेर पडली, कोपऱ्यावर अलगद वळली, आणि मग दिसेनाशी झाल्यावर, बाह्यवळणाच्या दिशेनं, तिचा आवाज चढत चढत गेला. आतोबा कान देऊन ऐकत उभे होते. त्यांच्या हातात केकचा खोका होता. आवाज पार विरला तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, ते कलंडलेलं फूल बोटावर घेऊन चाखलं आणि खोका माझ्यापुढे केला.

"कुठं गेली असेल?" मी विचारलं.

"काय माहीत," आतोबा खुशीत म्हणाले. "पेट्रोल संपलं की येईल."